मीठ, ऊन आणि आतडे : बीडच्या चान्या व जर्मन सॉसेज

कापलेल्या जनावराचे मांस उन्हाळ्यात काही तासांत आणि थंडीत एक-दोन दिवसांत नासते, आणि एका कुटुंबाला एका बैठकीत संपवता येईल त्याहून मोठे जनावर कापले गेले की उरलेल्या मांसाचे काय करायचे, हा प्रश्न प्रत्येक मांसाहारी समाजापुढे उभा राहतो. जर्मनीने या प्रश्नाचे दिलेले उत्तर म्हणजे सॉसेज, म्हणजेच बारीक केलेले मांस, चरबी, मीठ व मसाला स्वच्छ केलेल्या आतड्यात भरून तयार केलेली नळी. गोव्याचे उत्तर म्हणजे चोरिस. आणि बालाघाटाच्या डोंगररांगांवर वसलेल्या बीड जिल्ह्यासह सगळ्या मराठवाड्याचे उत्तर म्हणजे चान्या, म्हणजे मीठ लावून उन्हात वाळवलेल्या मांसाच्या लांब पट्ट्या. यांपैकी पहिल्याची ख्याती जगभर आहे, दुसऱ्याची देशभर आहे, तिसऱ्याचे नाव मात्र खुद्द बीडमध्येही अनेक घरांत दबक्या आवाजात घेतले जाते. तिन्हींमागचे शास्त्र एकच असताना मान इतका विषम का वाटला गेला, हे समजून घेण्यासाठी आधी स्वयंपाकघरात आणि मग गावगाड्यात डोकवावे लागते.

जर्मन खेड्यांत डुक्कर कापण्याचा हंगाम साधारण नोव्हेंबरपासून सुरू होत असे, कारण तोवर जनावर चांगले पोसलेले असे, बर्फाच्या दिवसांत त्याला खायला घालणे परवडत नसे आणि थंडीमुळे मांस नासण्याची भीतीही कमी झालेली असे. त्या दिवशीच्या कामाचा क्रम नासण्याच्या क्रमाने ठरलेला असे. जे आधी खराब होते ते आधी शिजवायचे. रक्त, कलेजी व डोक्याचे मांस त्याच दिवशी शिजवून आतड्यांत भरले जाई, आणि या गटाला कोखवुर्स्ट म्हणतात. ताजे मांस बर्फासह अगदी बारीक वाटून, आतड्यात भरून, न उकळणाऱ्या गरम पाण्यात शिजवले की ब्र्यूवुर्स्ट होते, ज्यात फ्रँकफर्ट आणि व्हिएन्नाची लांबट सॉसेजे मोडतात. आणि कच्चेच मांस मीठ लावून, आंबवून, वाळवून किंवा धुरी देऊन टिकवले की रोहवुर्स्ट होते, ज्यात सलामी येते. दिवस मावळताना ज्या कढईत सॉसेजे शिजवली त्या कढईतले पाणी उरे, आणि फुटलेल्या एखाद्या सॉसेजमुळे चवदार झालेले ते पाणी मेत्सेलझुपं या नावाच्या रश्श्याच्या रूपाने शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाटले जाई.

या सगळ्या व्यवहाराची कागदोपत्री नोंद फार जुनी आहे. थ्युरिंगेन प्रांतातील आर्नश्टाट येथील एका मठाच्या १४०४ च्या हिशेबात ब्राटवुर्स्टसाठी, म्हणजे भाजून खायच्या सॉसेजसाठी, आतडी विकत घेतल्याचा खर्च लिहिलेला आहे, आणि वायमारच्या १४३२ च्या नियमावलीत खाटकांनी सॉसेजमध्ये कोणते मांस वापरावे व कोणते वापरू नये हे दंडासह सांगितले आहे. थ्युरिंगेन आणि न्यूर्नबेर्ग येथील ब्राटवुर्स्टना २००३ मध्ये युरोपीय संघाचे भौगोलिक मानांकनही मिळाले, ज्यामुळे न्यूर्नबेर्गचे सॉसेज सात ते नऊ सेंटिमीटर लांब आणि वीस ते पंचवीस ग्रॅम वजनाचेच असले पाहिजे, असे आता कायद्यानेच ठरलेले आहे. ज्या वस्तूचा मूळ कच्चा माल आतडे, रक्त आणि डोक्याचे मांस हा आहे, तिच्याभोवती सहाशे वर्षे हिशेब, नियम, संघ आणि सण उभे राहिले, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी महत्त्वाची आहे.

बीडच्या पट्ट्यात सॉसेज का निर्माण झाले नाही, याचे पहिले उत्तर हवामान देते. आतड्याचे वेष्टण दोन कामे करते : बारीक केलेला ऐवज एकत्र धरून ठेवते आणि बाहेरच्या दमट हवेपासून त्याला काही प्रमाणात वाचवते. जर्मनीच्या थंड व ओलसर हवेत मांस नुसते टांगून वाळत नाही, म्हणून तेथे मीठ, धूर आणि थंड तळघर यांची मदत घ्यावी लागली. गोव्यात उष्मा आहे पण हवा दमट आहे, म्हणून तेथे डुकराचे मांस मीठ, माडीचे व्हिनेगर, लाल मिरची, लसूण व मसाल्यांत मुरवून आतड्यात भरले जाते आणि उन्हासोबत धुराचाही आधार दिला जातो. पावसाळ्यापूर्वी घरात भरून ठेवायच्या बेगमीत, ज्याला गोव्यात पुरुमेंत म्हणतात, या चोरिसाच्या माळांना सुकवलेल्या मासळीइतकेच मानाचे स्थान आहे. बीडमध्ये यांपैकी कशाचीच गरज नव्हती. एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळीसच्या वर जातो, पर्जन्यछायेतल्या या प्रदेशाची हवा इतकी कोरडी असते की सकाळी वाळत घातलेले कापड दुपारच्या आत कडक होते, आणि अशा हवेत मांस टिकवायचे तर त्याला गुंडाळून ठेवण्याऐवजी जास्तीत जास्त उघडे करणेच शहाणपणाचे ठरते.

चान्या करण्याची पद्धत याच तत्त्वावर उभी आहे. हाड व शक्य तितकी चरबी बाजूला काढून लाल मांसाच्या लांब, करंगळीपेक्षा जाड नसलेल्या पट्ट्या कापल्या जातात, त्यांना मीठ आणि बहुधा हळद चोळली जाते आणि मग त्या दोरीवर, एकमेकींना चिकटणार नाहीत अशा बेताने, कडक उन्हात टांगल्या जातात. चरबी काढण्यामागे निश्चित कारण आहे, कारण वाळलेले लाल मांस महिनोन्‌महिने टिकते, पण उघड्या हवेतली चरबी खवट होते. पट्टी पातळ ठेवण्यामागेही तसेच कारण आहे. ताज्या मांसात सुमारे तीन-चतुर्थांश पाणी असते, आणि ते पाणी आतल्या भागात जंतूंची वाढ होण्याच्या आत बाहेर पडले पाहिजे. पट्टी जाड झाली तर बाहेरून कडक सालपट धरते आणि आत ओल राहून मांस कुजते. मीठ पेशींतले पाणी बाहेर ओढते आणि उरलेल्या पाण्यात स्वतः विरघळून ते जंतूंना निरुपयोगी करते. दोन-तीन दिवसांत पट्टी काळपट तांबडी, दोरखंडासारखी ताठ होते आणि वाकवली असता तिच्यातले धागे पांढरट दिसू लागतात, तेव्हा ती तयार झाली असे जाणत्या बाया समजतात. मग तिचे बोटभर तुकडे करून मडक्यात किंवा डब्यात भरून ठेवले जातात. पावसाळ्यात मजुरी नसताना हेच तुकडे निखाऱ्यावर भाजून भाकरीशी खाल्ले जातात, थोड्या तेलात तळले जातात किंवा भिजवून डाळीत शिजवले जातात, आणि मूठभर चान्यांत सगळ्या घराचे कालवण चवदार होते.

येथे एका धोक्याचा उल्लेख आवश्यक आहे, कारण त्यातून दोन्ही पद्धतींमधला फरक अधिक स्पष्ट होतो. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी जर्मनीतील व्यूर्टेम्बेर्ग भागात सॉसेज खाऊन दृष्टी अंधुक होणे, गिळता न येणे आणि शेवटी श्वास बंद पडणे, अशी लक्षणे दाखवत माणसे मरू लागली, आणि युस्टिनुस केर्नर या वैद्य-कवीने १८२० च्या सुमारास अशा रुग्णांची बारकाईने नोंद करून सॉसेजमधल्या विषाचे पहिले शास्त्रशुद्ध वर्णन लिहिले. पुढे कळून आले की हे विष ज्या जंतूमुळे तयार होते तो हवा नसलेल्या जागीच वाढतो, आणि आतड्यात गच्च भरलेले, नीट न शिजवलेले मांस ही त्याला हवी तशी जागा असते. आज वाळवलेल्या व धुरी दिलेल्या सॉसेजमध्ये नायट्राइटयुक्त मीठ मोजून घातले जाते ते मुख्यतः याच कारणासाठी. दोरीवर उघडी टांगलेली, चहूबाजूंनी हवा लागणारी पातळ पट्टी या विशिष्ट धोक्यापासून आपोआप दूर राहते. माश्यांपासून वाचवण्यासाठी पातळ कापड बांधणे, ढग आले की आत घेणे आणि खाण्यापूर्वी पुन्हा आचेवर नीट तापवणे, एवढी काळजी मात्र तिलाही घ्यावीच लागते.

हवामानाने चान्यांचे तंत्र समजते, चान्यांची बदनामी समजत नाही. तिचे उत्तर गावगाड्यात आहे. मेलेले जनावर गावाबाहेर ओढून नेण्याचे काम जातिव्यवस्थेने महारांवर लादले होते, आणि त्या कामाचा मोबदला म्हणून त्या जनावराचे मांस त्यांच्या वाट्याला येई. कोणते जनावर, केव्हा, कोणत्या अवस्थेत मिळेल हे ठरवण्याचा अधिकार मांस शिजवणाऱ्या बाईला कधीच नव्हता. एकदम मोठे जनावर मिळे आणि मग कित्येक दिवस काहीच मिळत नसे, म्हणूनच वाळवून ठेवण्याचे कौशल्य तिच्या हाती इतके घोटले गेले. जर्मन शेतकऱ्याने आपले डुक्कर आपल्या सोयीच्या दिवशी कापले आणि त्या दिवसाचा सण केला. मराठवाड्यातील महारवाड्याने गावाने टाकलेल्यातून अन्न निर्माण केले आणि त्यासाठीच गावाची घृणा सोसली. कौशल्याच्या मोजपट्टीवर दुसरे काम अधिक अवघड आहे, हे स्पष्टपणे म्हटले पाहिजे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९ व २० मार्च १९२७ रोजी महाड येथे भरलेल्या परिषदेत मृत जनावराचे मांस खाणे सोडण्याचे आवाहन केले, आणि १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अस्पृश्यांच्या उगमावरील आपल्या ग्रंथात गोमांसभक्षण आणि अस्पृश्यता यांच्या संबंधाची सविस्तर चर्चा केली. मेलेल्या जनावराच्या मांसातून काळपुळीसारखे रोग होऊ शकतात, हा आरोग्याचा मुद्दा होताच, पण मूळ मुद्दा स्वाभिमानाचा होता, आणि हजारो कुटुंबांनी तो मनापासून स्वीकारून ते अन्न सोडले. तो निर्णय योग्य होता. मात्र त्या अन्नासोबत शेकडो वर्षांचे एक पाकज्ञानही विस्मरणात जाऊ लागले, आणि ते लिहून ठेवण्याचे काम फार उशिरा सुरू झाले. पुणे विद्यापीठाच्या स्त्री अभ्यास केंद्रात शर्मिला रेगे यांच्या मार्गदर्शनाखाली विद्यार्थ्यांनी २००९ मध्ये दलितांच्या अन्नस्मृतींचे संकलन केले, आणि शेजारच्या धाराशिव जिल्ह्यातून आलेल्या शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे मराठवाड्यातील महार व मांग समाजांच्या खाद्यसंस्कृतीवरील पुस्तक २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले, ज्याचा भूषण कोरगांवकर यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २०२४ मध्ये आला. आर्नश्टाटच्या हिशेबवहीपासून मोजले तर लेखी नोंदीचे हे अंतर सहा शतकांचे आहे.

कायद्यानेही या स्वयंपाकाचा कच्चा माल बदलला. महाराष्ट्रातील पशुसंरक्षणाच्या १९७६ च्या कायद्याने गायीच्या कत्तलीवर बंदी होती, ती २०१५ मध्ये अमलात आलेल्या दुरुस्तीने बैल व वळू यांनाही लागू झाली. आज चान्या करायच्या तर शेळी-मेंढीच्या किंवा म्हैसवर्गीय मांसाच्याच कराव्या लागतात, आणि बीडपुरते बोलायचे तर शेळी ही येथील जमिनीला सर्वांत मानवलेली आहे. काळ्या रंगाची, कमी चाऱ्यावर तगणारी, पुष्कळदा जुळी करडे देणारी उस्मानाबादी शेळी बीड, लातूर, धाराशिव व आसपासच्या जिल्ह्यांत पसरलेली असून ती मुख्यतः मांसासाठीच पाळली जाते.

शेळीचे जनावर लहान असल्यामुळे त्याचे मांस वाळवण्यापेक्षा एकाच दिवशी सगळे रांधून खाण्याचा प्रघात अधिक आहे, आणि त्याचे सर्वांत भरघोस रूप कंदुरीत दिसते. नवस फेडण्यासाठी पिराच्या किंवा दर्ग्याच्या ठिकाणी बकरे कापून आप्तेष्टांना व गावकऱ्यांना जेवू घालण्याची ही प्रथा बीड जिल्ह्यात हिंदू व मुसलमान अशा दोन्ही समाजांत रुजलेली आहे, आणि बकरे हलाल करण्याचे काम परंपरेने गावच्या मुलाण्याकडे असते. तीन दगडांच्या मोठ्या चुली, पुरुषांनी ढवळलेला रस्सा, घरोघरच्या बायांनी थापून आणलेल्या भाकऱ्यांच्या दुरड्या आणि जमिनीवर बसलेल्या पंगती, असा हा स्वयंपाक असतो. जर्मन डुक्करकापणीच्या दिवसाप्रमाणे येथेही आधी नासणारे आधी शिजते. कलेजी व गुर्दे चुलीच्या कडेला तव्यावर पहिल्यांदा परतले जातात आणि ते कामकऱ्यांच्याच वाट्याला येतात.

रक्ताच्या बाबतीत दोन्ही परंपरांनी अगदी उलट मार्ग धरले, आणि हा फरक जवळून पाहण्यासारखा आहे. जर्मन ब्लुटवुर्स्ट, म्हणजे रक्ताचे सॉसेज, करताना रक्त भांड्यात पडत असतानाच हाताने सतत घुसळले जाते, जेणेकरून त्यातील फायब्रिन नावाचे प्रथिन धाग्यांच्या रूपाने बोटांना गुंडाळून बाहेर निघते आणि रक्त पातळच राहते. मग ते चरबीचे तुकडे, कांदा व मसाल्यासह आतड्यात भरून शिजवता येते. मराठवाड्यात रक्ती किंवा लकुटी करताना थोडे मीठ टाकलेल्या पातेल्यात रक्त धरून ते मुद्दाम न हलवता ठेवले जाते, म्हणजे काही मिनिटांत ते खरवसासारखे थिजते. थिजलेल्या रक्ताच्या सुरीने वड्या पाडून त्या पाण्यात उकडल्या की गडद तपकिरी व घट्ट होतात, आणि मग भरपूर कांदा, लसूण, हिरवी मिरची व थोड्या तेलावर त्या मोकळ्या होईपर्यंत परतल्या जातात. रक्त ताजे असणे आणि ते स्वच्छ भांड्यात धरलेले असणे, या दोन अटी मात्र दोन्हीकडे सारख्याच कडक आहेत. वजडी, म्हणजे जठर व आतडी, साफ करण्याचे कामही नाजूक असते. जठर कडकडीत उकळत्या पाण्यात टाकले तर आतील काळा थर त्याला घट्ट बसतो आणि थंड पाण्यात तो सुटतच नाही, म्हणून हात क्षणभरच टिकेल इतक्या गरम पाण्यात बुडवून तो थर सुरीच्या बोथट बाजूने खरवडावा लागतो. आतड्याचे बाहेरचे व आतले मऊ थर खरवडून मधला चिवट पडदा उरवला की जर्मन खाटकाला हवे असलेले वेष्टण तयार होते, आणि भारताच्या अपेडा या कृषिनिर्यात संस्थेच्या यादीत जनावरांच्या आतड्यांची अशी वेष्टणे हा स्वतंत्र निर्यातगट आहे.

थोडे मांस पुष्कळ माणसांना पुरवण्याची गरज दोन्ही प्रदेशांना होती, आणि दोघांनीही धान्याचा आधार घेतला. उत्तर जर्मनीत ओल्डेनबुर्ग व ब्रेमेन परिसरात पिंकेल नावाचे सॉसेज चरबी, कांदा आणि ओटच्या भरड्याने भरतात व हिवाळ्यात केल नावाच्या कोबीवर्गीय पालेभाजीसोबत शिजवून खातात. मराठवाड्यात हेच काम येसर करते, ज्याला काही ठिकाणी येसूर म्हणतात. ज्वारी किंवा बाजरी, गहू आणि हरभऱ्याची डाळ वेगवेगळी खमंग भाजून, त्यात धने, जिरे, सुक्या मिरच्या, सुके खोबरे, लवंग, मिरे, दालचिनी, तमालपत्र, दगडफूल व हळद भाजून मिसळून दळलेले हे पीठ असते. त्याची आमटी लग्नाच्या पंगतीत होते आणि तेच पीठ मटणाच्या रश्श्याला अंग देते. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजण्याचे कारण असे की गव्हाला लागणाऱ्या आचेत धने करपतात आणि धन्यांच्या आचेत ज्वारी कच्ची राहते. किलोभर मटणाला दोन-तीन चमचे येसर पुरते, पण ते आधी गार पाण्यात कालवून घ्यावे लागते, कारण उकळत्या रश्श्यात कोरडे पीठ पडले की त्याच्या बाहेरच्या कणांतील पिष्ट लगेच फुगून गुठळी धरते आणि आत पीठ कोरडेच राहते. मटण हळद-मीठ लावून आधी स्वतःच्या पाण्यात शिजवणे, पातेल्यावर पाण्याने भरलेले ताट झाकून तेच गरम पाणी लागेल तसे आत घालणे आणि शेवटी येसर सोडून मंद आचेवर तवंग वर येईपर्यंत थांबणे, इतकाच खरे तर या रश्श्याचा विधी आहे. सोबत मालदांडी ज्वारीची किंवा बाजरीची भाकरी, बुक्कीने फोडलेला कांदा, लिंबू व मिरचीचा ठेचा असला की ताट पूर्ण होते.

ज्या घराला वजडी आणि येसर हाताळता येतात त्या घराला जर्मन ताट अवघड नाही, आणि त्यासाठी लागणारे जवळजवळ सर्व जिन्नस बीड किंवा अंबाजोगाईच्या बाजारात मिळतात, ही बाब फारशी कोणाच्या लक्षात आलेली दिसत नाही. थ्युरिंगेनच्या ब्राटवुर्स्टचा मसाला मिरे, लसूण, शहाजिऱ्यासारख्या वासाचे कॅरवे आणि मरवा यांचा असतो. वेणीत माळला जाणारा आपला मरवाच तेथे मांसाला लावतात. डुकराऐवजी शेळीचे मांस वापरायचे तर मांडी-खांद्याचे सुमारे ८०० ग्रॅम मांस व २०० ग्रॅम चरबी थंडगार करून खिमा करावा, त्यात १८ ग्रॅम मीठ, अर्धा चमचा भरडलेले मिरे, चमचाभर वाळवलेला मरवा, थोडे शहाजिरे, दोन लसूणपाकळ्या, चिमूटभर जायफळ व अर्धी वाटी बर्फाचे पाणी घालून तो हाताला चिकटेपर्यंत मळावा. मिठामुळे मांसातील मायोसिन हे प्रथिन विरघळून चिकट होते व शिजताना तेच चरबी आणि पाणी बांधून ठेवते. उपड्या केलेल्या तळव्याला खिम्याचा गोळा काही क्षण चिकटून राहिला तर मळणे पुरे झाले असे समजावे. मिश्रण तापले तर चरबी सुटते आणि सॉसेज भुसभुशीत होते, म्हणून बीडच्या हवेत हे काम डिसेंबर-जानेवारीच्या सकाळीच उरकणे चांगले. कोमट पाण्यात भिजवलेल्या आतड्यात नरसाळ्याने मिश्रण सैलसर भरून वीतभर अंतरावर पीळ द्यावा, ७५ ते ८० अंश तापमानाच्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटे ठेवावे आणि मग तव्यावर थोड्या चरबीत सर्व बाजूंनी तांबूस करावे. पाणी उकळले तर आतडे आकसून फुटते, आणि भाजताना टोचे मारले तर रस निघून जातो. धुरी देऊन किंवा वाळवून टिकवण्याचा प्रयोग घरी करू नये. वर सांगितलेला विषाचा धोका तेथेच असतो. मधोमध तापमान ७२ अंशांपर्यंत गेलेले ताजे सॉसेज त्याच दिवशी खाऊन संपवावे.

शेळीच्या मांसाने एक बंधन येते, ते मात्र टाळता येत नाही. डुकराची चरबी तोंडातल्या उबेनेही मऊ होते, शेळीची चरबी त्याहून बऱ्याच अधिक तापमानाला वितळते, त्यामुळे गार झालेले शेळीचे सॉसेज टाळूला मेण लागल्यासारखे वाटते. मटणाचा रस्सा वाफाळताच वाढायचा, हा मराठवाड्यातला आग्रह याच गुणधर्मातून आलेला आहे, आणि शेळीच्या ब्राटवुर्स्टलाही तोच नियम लावावा लागतो.

जोडीला लागणारे झाउअरक्राउट, म्हणजे आंबवलेला कोबी, आठ-पंधरा दिवस आधी घातलेला हवा. किलोभर कोबी बारीक चिरून त्यात २० ते २५ ग्रॅम मीठ चोळले की त्याला स्वतःचेच पाणी सुटते. त्या पाण्याखाली तो दाबून, बरणीत वजन ठेवून झाकावा. मिठामुळे नासवणारे जंतू मागे पडतात आणि दुग्धाम्ल तयार करणारे जंतू पुढे सरसावतात, आणि सामू साडेतीनच्या आसपास उतरला की कोबी महिनोन्‌महिने टिकतो. जर्मनीच्या थंडीत याला महिना लागतो, बीडच्या हिवाळ्यात दिवसा पारा तिशीजवळ जात असल्याने ते पुष्कळ लवकर होते. त्यात क जीवनसत्त्व टिकून राहते, आणि कॅप्टन कुकने १७६८ मध्ये निघालेल्या आपल्या सागरी मोहिमेवर पिंपेच्या पिंपे हाच कोबी नेला होता. खाण्यापूर्वी तो थोड्या चरबीत कांद्यासह परतून, शहाजिरे घालून मंद आचेवर शिजवतात. बटाट्याला जर्मन ताटात भाकरीचे स्थान आहे, आणि ते त्याला सहज मिळालेले नाही. प्रशियाच्या दुसऱ्या फ्रिडरिखला १७५६ मध्ये शेतकऱ्यांना बटाटा लावण्याचा हुकूम काढावा लागला होता. दक्षिण जर्मनीच्या पद्धतीचे बटाट्याचे सॅलड करायचे तर सालीसकट उकडलेले बटाटे गरम असतानाच सोलून चकत्या कराव्यात आणि त्यांवर गरम रस्सा, व्हिनेगर, बारीक कांदा व वाटलेली मोहरी यांचे मिश्रण ओतावे. गरम बटाटा रस शोषतो, गार झालेला शोषत नाही. मोहरी वाटल्यावर नाकात जाणारा जो झणका येतो तो आणि फोडलेल्या कांद्याचा झणका, दोन्ही गंधकयुक्त संयुगांचे असतात आणि चरबीचे जडपण कमी करण्याचे काम दोन्ही ताटांत तेच करतात.

सॉसेजे ज्या पाण्यात शिजली ते पाणी फेकू नये. त्यात मीठ, मरव्याचा वास आणि सुटलेली थोडी चरबी उतरलेली असते. मेत्सेलझुपं म्हणून ते तसेच पिता येते, किंवा त्याला दोन चमचे येसर गार पाण्यात कालवून लावावे, एक उकळी काढावी आणि गरम असतानाच त्यात बाजरीची भाकरी कुस्करावी.